एकाच निळ्या रंगाचे तीन कळप

माझ्या प्रबंधावर सही करण्यासाठी आमच्या गाइड मॅडमनी जी अट घातली, ती विद्यापीठाच्या कुठल्याही नियमावलीत नाही. मी दोनदा शोधली. नियमावलीत समासाची रुंदी आहे, पुठ्ठ्याचा रंग आहे, प्रती किती काढायच्या तेही आहे. पण विद्यार्थिनीने आपला विषय एखाद्या माणसाला वाचून दाखवावा आणि त्याने तिला प्रश्न विचारला तरच सही मिळेल, असं कुठेही लिहिलेलं नाही.

मॅडमना नियमावलीचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांनी माझं पहिलं प्रकरण टेबलावर पालथं ठेवलं, टोपण हरवलेल्या लाल पेनाने त्यावर टकटक केलं आणि म्हणाल्या, “तुझ्या या प्रकरणात ‘क्वांटम भूमिती’ हा शब्द तीन अर्थांनी आलाय. एका पानावर एक, पुढच्या पानावर दुसरा. वाचणाऱ्याने ओळखायचं कसं?”

“संदर्भावरून,” मी म्हटलं.

“संदर्भावरून मी ओळखीन. परीक्षक ओळखतील. ज्याला आधीच माहीत आहे तो ओळखेलच गं. मग तू लिहिलंस कुणासाठी?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मला राग आला. माझं नेहमी असंच होतं. उत्तर असलं की मी शांत असते.

“दोन पानं लिही,” मॅडम म्हणाल्या. “मराठीत लिही, इंग्रजीचं नंतर बघू. फिजिक्सचा गंध नसलेल्या माणसाला वाचून दाखव. तो झोपला तर पानं फाडून टाक. ‘छान’ म्हणाला तरी फाडून टाक. त्याने प्रश्न विचारला, अगदी मनापासून, तर माझ्याकडे ये. मी सही करते.”

“कुठल्या माणसाला?”

“ज्याला तू फसवू शकत नाहीस अशा.”

महिनाअखेरीला प्रबंध गेला नाही तर आणखी सहा महिने लटकायचं होतं. मी होस्टेलच्या खोलीवर येऊन चार-पाच माणसांची नावं काढली आणि एकेक खोडली. मेसच्या मावशींना मी सहज फसवू शकत होते. वॉचमनकाका मला खूश करायला कितीही प्रश्न विचारतील. शेवटी एकच माणूस उरला. ते म्हणजे आमचे आप्पा, माझे वडील. आणि त्यांच्याकडूनच प्रश्न मिळणं सगळ्यात कठीण होतं.

त्याचं कारण सांगते. आम्ही आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचे, धनगर. भावकीतल्या बहुतेकांनी मेंढरं विकून शेती धरली, पण आप्पांचा कळप अजून आहे. सहा वर्षांपूर्वी मी पीएच.डी.ला नाव नोंदवून घरी आले, तेव्हा ओट्यावर बसून घोंगडीतली कुसळं काढता काढता त्यांनी विचारलं होतं, “नेमकं काय शिकतीस गं तू आता?” मी दोन एसट्या बदलून आले होते, डोकं दुखत होतं, आणि खरं सांगायचं तर अंगात थोडी मस्तीही होती. मी म्हटलं, “आप्पा, ते खूप अवघड असतं. तुम्हाला नाही कळायचं.”

आप्पा “बरं” म्हणाले आणि पुढचं कुसळ काढायला लागले.

त्यानंतर सहा वर्षं त्यांनी मला जेवलीस का विचारलं, खोलीवर पाणी येतं का विचारलं, चष्म्याचा नंबर वाढला का विचारलं. अभ्यासाबद्दल एक शब्द काढला नाही. रुसवा नव्हता त्यात. माणसाने एकदा दार लावून घेतलं की पुन्हा कडी वाजवायची नाही, अशी त्यांची रीत आहे. दर दिवाळीला मी ठरवायचे की आपण होऊन बोलायचं, आणि दर दिवाळीला फराळ करून परत यायचे. त्या एका वाक्याची मला जी लाज वाटायची, ती कुणाजवळ बोलून दाखवण्याचीही लाज वाटायची.

दिवस उन्हाळ्याचे होते. लोणीकडे तेव्हा मेंढरांना चघळायला काही उरत नाही, म्हणून आमचा वाडा येडगावच्या धरणाकडेला गेला होता. वाडा म्हणजे इमारत नव्हे. दोन घोडी, चार कोंबड्या, एक कुत्रा, भांडीकुंडी आणि वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, एवढ्या संसाराला आमच्यात वाडा म्हणतात. धरणाचं पाणी मागे सरकलं की गाळावर हिरवळ उगवते, ती महिनाभर पुरते. मी नारायणगावला उतरले, जीपने ओझरला गेले आणि तिथून पाण्याच्या कडेकडेने चालत वाड्यावर पोचले.

आईने भाकरी थापता थापता सगळी चौकशी केली. मी तिला मॅडमची अट सांगितली. ती म्हणाली, “म्हंजी ह्यांनी काय इचारलं तरच तुजा कागुद पुडं सरकायचा?” मी हो म्हटलं. तिने भाकरी उलटली आणि “अवघड हाय,” एवढंच म्हणाली.

संध्याकाळी चहानंतर मी पानं काढली. आप्पा बसले, कुत्रा बसला, आईने परात बाजूला सारली. मी वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य असं होतं: “आधुनिक भौतिकशास्त्रात क्वांटम भूमिती ही संज्ञा विविध चौकटींमध्ये विविध अंगांनी उपयोजिली जाते.” आज ते वाक्य वाचलं की मला स्वतःला एक चापट मारावीशी वाटते. तिसऱ्या ओळीला आप्पांची मान छातीवर टेकली. पानाच्या शेवटाला आई म्हणाली, “छान हाय.”

पानं फाडायच्या दोन्ही अटी एकाच बैठकीत पूर्ण झाल्या. मी ती फाडली नाहीत, कारण चुलीला लागतील म्हणून आईनेच माझ्या हातातून घेतली.

मग मी तोंडी सांगून बघितलं. आप्पा जागे झाले होते. मी त्यांची घोंगडी उचलली. “हे बघा, लांबून बघितलं तर ही सलग काळी दिसते. जवळून बघितलं तर एकेक धागा दिसतो. काही लोकांचं म्हणणं, आपण ज्याला जागा म्हणतो, म्हणजे हे इथून तिथपर्यंतचं अंतर, ही जमीन, हे आकाश, तेही सलग नाही. कापत कापत गेलं तर एक सगळ्यात लहान तुकडा लागतो, त्याच्या पुढे कापताच येत नाही. धाग्यांनी विणलेली जागा. याला ते क्वांटम भूमिती म्हणतात.”

“धाग्यांमधून वारं येतं,” आई म्हणाली.

“तिथे नाही येत. दोन धाग्यांच्या मध्ये काहीच नसतं. रिकामी जागासुद्धा नसते, कारण जागा म्हणजेच धागे.”

“मंग ती घोंगडी न्हवं,” आईने निकाल दिला आणि भांडी घासायला उठली.

मी चिकाटी सोडली नाही. “दुसरे लोक म्हणतात, जगातली सगळ्यात बारीक वस्तू ठिपका नाही, दोरा आहे. आणि दोऱ्याला जागा आपल्यासारखी दिसत नाही. एखादी बारीकशी गोल वाट आणि एखादी भलीमोठी गोल वाट, त्याच्या लेखी दोन्ही सारख्याच असू शकतात. त्यालाही क्वांटम भूमितीच म्हणतात.”

आप्पांनी मान हलवली. पाव्हण्यांच्या घरी जास्तीची पुरणपोळी नको असताना ते अशीच मान हलवतात. मी माझ्या तिसऱ्या अर्थाला, ज्यावर मी सहा वर्षं घालवली होती, हातच घातला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा म्हणाले, “मी पडतो जरा. मेंढरं बसल्यात पान्याजवळ. ध्यान ठेव.” मी बाभळीखाली बसले. मेंढरं खरोखरच बसली होती. मी मांडीवर कोरा कागद घेतला आणि तिसरा अर्थ लिहायला लागले. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. लिहिताना मला भोवतालचं काही दिसत नाही, ही तक्रार होस्टेलमध्येही होती. तिथे फार तर दूध उतू जायचं.

मान वर केली तेव्हा मेंढरं दुप्पट झाली होती.

काठाकाठाने थोडं पुढे नगरकडच्या एका मेंढपाळाचा वाडा होता. त्याला आम्ही सगळेच भाऊ म्हणायचो. त्याचा कळप पाण्यावर आला होता आणि माझ्याकडून हाकाटी नाही, काठी नाही, म्हटल्यावर दोन्ही कळप लग्नातल्या दोन पंगतींसारखे एकमेकांत मिसळून गेले होते. मी धीर सोडला नाही. आमच्या मेंढरांवर खूण असते. उजव्या पुठ्ठ्यावर निळ्या रंगाचा पट्टा. उजवीकडेच, कारण भंडारा उजव्या हाताने उधळायचा तर खूणही उजव्या अंगालाच करायची, ही पद्धत आहे. मी निळी मेंढरं वेगळी काढायचं ठरवलं आणि बघते तर सगळीच निळी.

मागाहून उलगडा झाला. बेल्ह्याच्या बाजारात एका दुकानदाराकडे पाण्याच्या टाक्या रंगवून उरलेला निळा रंग होता आणि त्याने तो येईल त्या मेंढपाळाच्या गळ्यात मारला होता. आप्पांनी घेतला, भाऊनेही घेतला. भंडारा भाऊही उजव्याच हाताने उधळत होता.

आता मी शिकलेली. मी विचार केला, आपली मेंढरं एकशे चार. भाऊची थोडी जास्त असतील. आपल्या बाजूच्या कडेने एकशे चार मोजून वाघरीत घालायची. बसल्या जागी होती तीच आपली असणार, निदान बरीचशी. मी काठी घेतली, कुत्र्याला शीळ घातली आणि अर्ध्या-पाऊण तासात मोजून एकशे चार मेंढरं आत घेतली. दोनदा मोजली. एक कमी नाही, एक जास्त नाही.

आप्पा उठून आले. मी काही बोलायच्या आधी त्यांनी वाघरीवरून एक नजर फिरवली.

“हे काय केलंस?”

“कळप मिसळले होते. मी निवडले. एकशे चार आहेत, मोजून बघा.”

“आकडा बराबर हाय,” आप्पा म्हणाले. “मेंढरं चुकल्यात.”

भाऊ धावत आला. तो मला ओरडेल असं वाटलं, पण तो आप्पांना म्हणाला, “राव, दिस कलायच्या आत उरकाया पायजेल. परवा उसातनं बिबट्या निगाला व्हता.” कळप हलवाहलवीत असताना अंधार पडला तर बिबट्याला आयतं ताट मिळणार होतं. माझ्या मांडीवरचा कागद वाऱ्याने पाण्यात जाऊन पडला होता. मला तिथल्या तिथे गाडून घ्यावंसं वाटलं.

दोघांनी सगळीच मेंढरं वाघरीत घेतली आणि एक मेंढरू जाईल एवढीच फट ठेवली. एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला भाऊ. मी आणि आई मागून मेंढरं सारत होतो. एकेक तोंड फटीत आलं की आप्पा “माजी” म्हणायचे नाहीतर भाऊ “माजी” म्हणायचा, आणि ती आपापल्या बाजूला जायची. पुठ्ठ्याकडे, निळ्या पट्ट्याकडे, कुणी बघतसुद्धा नव्हतं. मला सगळी तोंडं एकसारखी दिसत होती. शंभरेक मेंढरं झाल्यावर मला राहवेना.

“आप्पा, कसं ओळखता तुम्ही?”

“बघून.”

“पण काय बघून?”

आप्पांनी फटीत आलेलं मेंढरू थांबवलं. त्याच्या अंगाला अंग घासत दुसरं उभं होतं. “ही बघ आन ही बघ. ह्या दोगी एकमेकीपास्नं लई लांब हायती. झोपंत बी चुकायचं न्हाई. आन ती तिकडं पान्याच्या कडला हुबी हाय ना कान पाडून? ती आन ही पैली, ह्या जवळच्या. हितं मानूस चुकतो.”

“पण आप्पा, ती तर एवढ्या लांब उभी आहे!”

“हुबी ऱ्हायली म्हनून काय झालं? उद्या हिकडं यील. त्ये अंतर न्हवं. चुकायला किती सोपं, त्ये अंतर.”

माझ्या हातातली काठी खाली पडली. मी ती उचललीच नाही, आणि आई “अगं हाक की पुडं!” म्हणून ओरडली.

कारण हाच माझा तिसरा अर्थ होता. याच्यावरच मी सहा वर्षं घालवली होती. स्फटिकातला इलेक्ट्रॉन अनेक अवस्थांमध्ये असू शकतो. त्या अवस्थांमधलं अंतर फुटात मोजत नाहीत, मीटरात मोजत नाहीत. एक अवस्था दुसरी समजून चुकणं किती सोपं आहे, त्यावरून ते ठरतं. सहज चूक होत असेल तर त्या जवळ, चुकणं शक्यच नसेल तर लांब. माझ्या प्रबंधात याला चार पानांची व्याख्या होती, तळटीपांसह. आप्पांनी ती एका हाताने मेंढराची मान धरून दीड वाक्यात सांगितली होती. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. ‘तुम्हाला नाही कळायचं’ असं मी ज्या गोष्टीबद्दल म्हटलं होतं, ती या माणसाला माझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक होती.

सूर्य टेकायला आला तेव्हा दोनच मेंढरं उरली. दोन्ही काळ्या तोंडाच्या, दोघींचा डावा कान दुमडलेला. आप्पांनी बघितलं, भाऊने बघितलं. भाऊ म्हणाला, “ही माजी वाटती.” आप्पा म्हणाले, “मला बी ती माजी वाटती.” मग आप्पा हसले आणि म्हणाले, “नाय बा. मला नाय सांगता यायचं. कोकरू सोडा.”

आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस दुसऱ्या मेंढपाळासमोर “मला सांगता येत नाही” म्हणाला, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. मी अशा सेमिनारांना बसले आहे, जिथे हे वाक्य उच्चारण्याऐवजी माणसं पंधरा मिनिटं इंग्रजी बोलतात.

आमच्या वाड्यावरच्या ज्या कोकराची आई अजून परतली नव्हती, ते आईने आणलं आणि खाली ठेवलं. ते दोन पावलं इकडे गेलं, एकदा बें केलं, आणि पळत जाऊन डावीकडच्या मेंढरीला लुचायला लागलं. प्रश्न संपला. भाऊने आपली मेंढरी नेली, जाताना मला म्हणाला, “बाय, आकडं मोजायचं काम ब्यांकेत कर.” आम्ही वाघरीची फट बांधली तेव्हा अजून उजेड होता.

त्या संध्याकाळी मी काही वाचून दाखवलं नाही. सकाळी लवकर उठून पाण्याच्या कडेला बसले आणि दोन पानं नव्याने लिहिली. पहिल्या वाक्यात मेंढरं आणली. घोंगडी ठेवली, आईच्या हरकतीसकट. दोरा ठेवला. आणि तिसऱ्या अर्थात कालची वाघर, ती फट आणि “जवळच्या, लांबच्या” हे शब्द जसेच्या तसे घातले. त्याच अर्थाचा आणखी एक भाग असतो: एखादी अवस्था हळूहळू फिरवत फिरवत फेरा मारून पुन्हा मूळ जागी आणली तर ती तीच असते, तरीही किंचित वळलेली असते, आणि ते वळणं फेऱ्याच्या आकारावर ठरतं. तिथे मी आमच्या दरवर्षीच्या कोकणातल्या फेऱ्याबद्दल लिहिलं. दिवाळीनंतर घाट उतरायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत लोणीला यायचं. आई दर वर्षी पहिला तांब्या पिऊन म्हणते, पाणी तेच आहे पण चव फिरली. लिहून झाल्यावर मी चहाला आले.

आप्पा एका मेंढराच्या खुरातला काटा काढत होते. मी वाचायला लागले. या वेळी ते झोपले नाहीत. कालच्या वाघरीचा भाग आला तेव्हा त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. मी संपवलं आणि वाट बघत बसले. कुत्रं आलं, माझा हात चाटून गेलं. आप्पांनी काटा काढला, नखावर ठेवून बघितला, फेकून दिला. आता ‘छान’ येणार, मी मनात म्हटलं. सहीचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकते. मला फक्त एवढंच हवं होतं, की त्यांनी मला काहीतरी विचारावं.

“एक सांग,” आप्पा म्हणाले. “ह्या तिगांवर बी त्यो एकच रंग हाय. क्वांटम काय म्हन्तीस त्यो. पन ह्यो कळप एक हाय, का तीन कळपं एकमेकांत मिसळल्यात?”

हा प्रश्न माझ्या प्रकरणात नव्हता. मॅडमनी विचारला नव्हता. मी तर तो टाळण्यासाठीच सगळं संदर्भावर सोडून दिलं होतं.

“मला माहीत नाही, आप्पा,” मी म्हटलं.

“म्हंजी तू शिकली न्हाईस त्येवडं?”

“कुणालाच नक्की माहीत नाही. काही म्हणतात, रंग तेवढा एक, बाकी तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. काहींना वाटतं, खोलवर कुठेतरी तिघांची आई एकच असेल. पण छातीठोकपणे कुणी सांगत नाही.”

आप्पा विचारात पडले. मेंढराचा पाय त्यांच्या मांडीवर तसाच होता आणि मेंढरू कंटाळून माझ्या पानाची कड चघळत होतं.

“मंग कोकरू सोडायचं,” ते म्हणाले. “हाय का तुमच्याकडं कोकरू?”

हा दुसरा प्रश्न. “माझ्या कळपाचं आहे,” मी म्हटलं. “गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळेत ते अंतर खरोखर मोजायला लागलेत. धाग्यांच्या कळपाचं आणि दोऱ्याच्या कळपाचं कोकरू अजून कुणाला सापडलेलं नाही. शोधतायत. तेवढ्या बारीक जागेत बघता येईल असं काही माणसाकडे नाहीच अजून.”

“बरं,” आप्पा म्हणाले. सहा वर्षांपूर्वीचंच “बरं”, पण या वेळी त्यांनी मान वर करून म्हटलं. “म्हंजी तवा तू म्हनलीस का तुमाला नाय कळायचं, तर तुला बी नव्हतं कळलं.”

“नव्हतं कळलं, आप्पा. चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“अगं, चुकायला सोपं असतं काय काय,” ते म्हणाले आणि मेंढराचा पाय सोडून दिला.

मी टेकाडावर जाऊन, जिथे रेंज येते त्या दगडावर उभी राहून, मॅडमना फोन लावला.

“झोपले?”

“नाही.”

“छान म्हणाले?”

“नाही. दोन प्रश्न विचारले.” मी दोन्ही सांगितले. पलीकडून लाल पेनाचं टकटक ऐकू आलं.

“उत्तरं दिलीस?”

“दुसऱ्याचं दिलं. पहिल्याचं नाही आलं.”

“येणारही नाही. ये, सही करते. आणि पहिला प्रश्न प्रकरणाच्या सुरुवातीला घाल, आहे तसा.” मग म्हणाल्या, “कोण आहेत गं हे?”

“माझे वडील. मेंढरं राखतात,” मी म्हटलं. सहा वर्षांत मॅडमनाही मी हे कधी नीट सांगितलं नव्हतं.

दुपारी आप्पा मला ओझरपर्यंत सोडायला आले. भाऊची मोटरसायकल मागून आणली होती. मंदिराच्या बाहेर अष्टविनायकाच्या गाड्या लागल्या होत्या, त्यांच्या कडेला आम्ही नारायणगावच्या जीपची वाट बघत उभे राहिलो. आप्पांनी मला रंगाच्या डब्याचं झाकण दिलं. पुण्याहून येताना दुसरा कुठलाही रंग आण, फक्त निळा नको, आणि डबा या झाकणाएवढाच हवा, असं बजावून सांगितलं. मला एकदम शंका आली.

“आप्पा, आईने तुम्हाला सांगितलं होतं का? की तुम्ही प्रश्न विचारल्याशिवाय माझी सही होणार नाही म्हणून?”

“सांगितलं व्हतं की. पैल्याच सांजंला. तू कागुद काडायच्या आदी.”

“मग त्याच संध्याकाळी का नाही विचारलात? काहीही विचारलं असतं तरी चाललं असतं.”

जीप आली. आप्पांनी माझी पिशवी आत ठेवली, सीटवर हाताने धूळ झाडली.

“मला काय परश्न पडलाच नव्हता तवा,” ते म्हणाले. “आन तुला खोटा कसा इचारू?”